जुन्या इंजिनाची आग

ज्या वस्तूचें काम संपलें तिचें पुढें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक घरांत वरचेवर सुटत असतो आणि तो सोडवितांना कोणी तत्त्वज्ञानाची मदत मागत नाहीं. गांवांत पिठाची गिरणी आली तेव्हां जातें माजघरांतून परसांत गेलें. नळ आला तेव्हां रहाट अडगळींत पडला. कांहीं वस्तु मोडींत गेल्या, कांहीं माळ्यावर चढल्या, आणि एखादा तांब्याचा बंब हल्लीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत शोभेसाठीं उभा असलेला दिसतो. या वस्तूंच्या नशिबीं आलेल्या गति निरनिराळ्या असल्या, तरी एका बाबतींत त्या सारख्या आहेत. त्या वस्तूंना त्यांचें जुनें काम पुन्हां कोणी सांगत नाहीं. बंबांत आतां निखारे पडत नाहींत. त्याला चिंच लावून घासलें कीं त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य संपतें.

वाफेच्या इंजिनाच्या बाबतींत मात्र माणसांनीं वेगळाच मार्ग धरला. ब्रिटनच्या सरकारी रेल्वेनें मुख्य मार्गांवरची वाफेची आपली शेवटची गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजीं चालविली. आपल्या देशांत चित्तरंजनच्या कारखान्यांतून ब्रॉडगेजचें शेवटचें वाफेचें इंजिन १९७० सालीं बाहेर पडलें आणि त्याचें नांवच ‘अंतिम सितारा’ असें ठेवण्यांत आलें. पुढें १९९५ च्या डिसेंबरांत ब्रॉडगेजवरील वाफेची नित्याची वाहतूकही थांबली. येथवर सर्व रीतीप्रमाणें झालें. रीत सोडून झालें तें यापुढचें. जीं इंजिनें मोडींत जावयाचीं, किंवा फार तर एखाद्या स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंग लावून उभीं राहावयाचीं, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या भट्ट्या पुन्हां पेटविण्यांत आल्या. त्यांच्यामागें डबे जोडले गेले, तिकिटें विकलीं गेलीं, आणि ज्यांना कोठेंही पोंचावयाचें नाहीं असे प्रवासी त्या डब्यांत बसून जाऊं लागले आणि निघाल्या ठिकाणींच परत येऊं लागले. हें करणें शहाणपणाचें आहे काय, आणि शहाणपणाचें असो वा नसो, उचित आहे काय, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय हौशी लोकांचा म्हणून हंसण्यावारीं नेण्याजोगा दिसतो. परंतु भूतकाळाशीं आपण कोणत्या नात्यानें वागावें, हा जो फार जुना प्रश्न, तो येथें लोखंडाच्या आणि कोळशाच्या रूपानें आपल्यापुढें उभा आहे.

या प्रकाराचा आरंभ वेल्समध्यें झाला. तेथें टॅलिलिन नांवाची एक लहान रेल्वे १८६५ पासून डोंगरांतील पाटीचा दगड समुद्रकांठच्या गांवीं आणून टाकीत असे. लांबी सव्वासात मैल, रुळांमधील अंतर अवघें सव्वादोन फूट. सर हेन्री हेडन जोन्स या गृहस्थांनीं १९११ सालीं खाण आणि रेल्वे हीं दोन्हीं विकत घेतलीं, आणि आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालवूं असें सांगून तें अक्षरशः पाळलें. १९४६ च्या अखेरीस खाणींत मोठी पडझड होऊन ती बंद झाली, तरी गाडी चालूच होती. १९४८ सालीं ब्रिटनमधील रेल्वे सरकारी मालकीच्या झाल्या तेव्हां ही इतकी लहान कीं सरकारनेंही तिला हात लावला नाहीं. १९५० सालीं सर हेन्री वारले. आतां रुळांमध्यें गवत माजलेलें, स्लीपर कुजलेले, आणि १८६६ सालचें ‘डोलगोख’ हें एकच इंजिन कसेंबसें चालण्याजोगें, अशी ती मिळकत होती. कालव्यांवरच्या होड्यांविषयीं लिहिणारे एल. टी. सी. रोल्ट या लेखकानें व त्यांच्या स्नेह्यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत बर्मिंगहॅम येथें सभा भरविली, मंडळ स्थापिलें, आणि १४ मे १९५१ रोजीं हौशी लोकांनीं चालविलेली पहिली गाडी त्या रुळांवरून धांवली. धांवली हा शब्द आम्हीं सवयीनें वापरला; खरें पाहतां ती जपून चालली असावी.

या गोष्टींत आमचें लक्ष वेधून घेतें तें हें कीं, त्या मंडळींनीं वस्तु वांचविण्याचा नव्हे, तर एक व्यवहार वांचविण्याचा संकल्प केला. ‘डोलगोख’ला स्वच्छ करून संग्रहालयांत नेणें सोपें होतें व स्वस्तही होतें. तें न करतां त्यांनीं रूळ दुरुस्त केले, शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचीं त्याच मापाचीं दोन इंजिनें आणलीं, आणि वेळापत्रक छापलें. ज्याला वेळापत्रक आहे त्याला उद्यां आहे. पुढें १९६० सालीं इंग्लंडांत ब्लूबेल रेल्वेनें नेहमींच्या मापाच्या रुळांवर हेंच केलें, आणि मग देशोदेशीं हा प्रघात पसरला.

कांहीं इंजिनांचा बचाव तर कोणाच्या संकल्पाशिवायच झाला. वेल्समधील बॅरी या बंदरांत डाय वुडहॅम नांवाच्या व्यापाऱ्यानें सरकारी रेल्वेकडून शेंकडों इंजिनें मोडीसाठीं विकत घेतलीं. पण मोडीचे डबेही त्याच्याकडे येत होते, आणि ते फोडणें सोपें व किफायतीचें असल्यामुळें इंजिनांची पाळी येईना. तीं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत वर्षानुवर्षें गंजत उभीं राहिलीं. त्या गंजलेल्या रांगांतून हौशी मंडळांनीं २१३ इंजिनें वर्गणी करून सोडवून नेलीं. ब्रिटनमध्यें आज वाफेवर चालणाऱ्या कितीतरी इंजिनांचें अस्तित्व असें एका व्यापाऱ्याच्या सोयीचें फळ आहे. इतिहासानें आपल्यापर्यंत जें पोंचविलें तें सर्व योग्यता पाहून पोंचविलें, असें मानणाऱ्यांनीं बॅरीची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां अडचणीच्या प्रश्नाकडे वळूं. जें इंजिन आज चालतें तें जुनें इंजिन आहे काय?

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हें जगांतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध इंजिन. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून तें १९२३ सालीं डॉनकॅस्टर येथें तयार झालें. १९३४ सालीं त्यानें ताशीं १०० मैलांचा वेग गांठला व तो नोंदला गेला. १९४७ सालीं त्याला अधिक दाबाचा बॉयलर बसवून त्याचा वर्गच बदलण्यांत आला. आणि १९६३ सालीं रेल्वेनें त्याला निवृत्त केलें. पुढें तें तीन हजार पौंडांस ॲलन पेग्लर यांनीं घेतलें, अमेरिकेस नेलें, त्यांत ते कर्जबाजारी झाले. दुसऱ्या एका धनिकानें तें परत आणलें. मग तें ऑस्ट्रेलियास जाऊन आलें. शेवटीं २००४ सालीं ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानें २३ लाख पौंड देऊन तें विकत घेतलें, आणि २०१६ सालीं तें पुन्हां रुळांवर आलें तेव्हां दुरुस्तीचा खर्च ४२ लाख पौंडांवर गेला होता. एवढ्या घडामोडींत त्याचे किती भाग १९२३ सालचे उरले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. गंमत अशी कीं, मूळ भाग हरवण्याचा हा क्रम हौशी लोकांनीं सुरू केलेला नाहीं. इंजिन नोकरींत असतांनाच कारखान्यांत मोठ्या दुरुस्तीसाठीं गेलें कीं त्याचा बॉयलर काढून घेत आणि त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाचा, दुरुस्त होऊन तयार असलेला, त्यावर चढवीत. ज्याला आपण मूळ म्हणावें असें कांहीं त्या काळींसुद्धां स्थिर नव्हतें.

ग्रीकांनीं हा प्रश्न थीसियसच्या नौकेवरून विचारला होता. एकेक फळी बदलतां बदलतां सर्व फळ्या नव्या झाल्या, तर नौका तीच काय? हॉब्स या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें सतराव्या शतकांत त्यांत आणखी एक पेंच घातला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांची दुसरी नौका बांधली, तर खरी कोणती? परंतु आमच्या वाचकांना ग्रीसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. नागसेनानें मिलिंद राजास त्याच्याच रथावरून हें शिकविलें. दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, असें विचारीत विचारीत त्यानें राजाच्या हातीं नुसतें ‘रथ’ हें नांव ठेविलें. नैयायिक त्याच्या उलट अवयवांहून निराळा असा अवयवी मानतात. पण त्यांच्याही मतानें एखादा अवयव निघून दुसरा बसला कीं पहिला अवयवी नाश पावतो व नवा उत्पन्न होतो. म्हणजे बौद्धाला विचारा कीं नैयायिकाला, १९२३ सालच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला आज कोणाचाही आधार मिळत नाहीं.

आम्हांस नागसेनाचा रथाचा दृष्टांत येथें अपुरा वाटतो. त्याचा दिव्याचा दृष्टांत अधिक उपयोगी आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरींची ज्योत आणि शेवटच्या प्रहरींची ज्योत एकच काय? ती तीच नव्हे आणि अन्यही नव्हे. रात्रभर दिवा एकच जळत होता, एवढें म्हणतां येतें. जें चालण्यासाठींच झालें आहे त्याचें तेंपण त्याच्या लोखंडांत शोधणें म्हणजे दिव्याचें तेंपण तेलाच्या थेंबांत शोधण्यासारखें आहे. इंजिनाचें तेंपण हें कीं त्यांतली आग एका हातानें दुसऱ्या हाताला दिली.

ही अलंकारिक भाषा झाली, असें कोणी म्हणेल. म्हणून थोडें तपशिलांत शिरूं. गार पडलेलें इंजिन चालतें करावयाचें तर आदल्या दिवसापासून खटाटोप असतो. बॉयलर घाईनें तापविला तर त्यांतील निरनिराळे भाग निरनिराळ्या मानानें प्रसरण पावतात आणि नळ्यांचे सांधे गळूं लागतात. म्हणून विस्तव लहान ठेवून कित्येक तास वाट पाहावी लागते. भट्टीचें छत सदैव पाण्याखालीं बुडालेलें असावें लागतें. पाणी त्याच्या खालीं गेलें तर धातु मऊ पडून वाफेच्या दाबानें बॉयलर फुटतो आणि माणसें मरतात. या भयासाठीं छतांत शिशाच्या गाभ्याचें बूच बसवितात. पाणी उतरलें कीं शिसें वितळतें आणि वाफ भट्टींत शिरून इशारा देते. पण शहाण्या फायरमनच्या हातून तें बूच जन्मांत वितळत नाहीं. त्याचा डोळा काचेच्या नळींतील पाण्यावर असतो, आणि तोही डोळे मिटून विश्वास ठेवण्याजोगा नव्हे, कारण चढावर पाणी मागें सरतें, उतारावर पुढें येतें, आणि नळी खोटें बोलते. चढ आला म्हणजे कोळसा टाकून भागत नाहीं; चढ यावयाच्या आधीं मैलभर टाकावा लागतो, म्हणजे वर चढतांना आग पांढरी होते. ज्या वाफेचा दाब आंत कोंडलेला आहे तिच्याच जोरावर तिच्याच दाबाविरुद्ध पाणी आंत लोटणारें एक उपकरण जिफार या फ्रेंच माणसानें १८५८ सालीं काढलें; तें चालू करावयास मनगटाला एक विशिष्ट सवय लागते. हें सारें पुस्तकांत आहे. तरीही पुस्तक वाचून कोणीही चढावर गाडी नेऊं शकला नाहीं.

आणि येथेंच संग्रहालयाचा उपाय अपुरा पडतो. संग्रहालयांत इंजिन टिकतें. फायरमन टिकत नाहीं. चौथऱ्यावरचें इंजिन शंभर वर्षांनीं पाहणाऱ्याला त्याचें रूप कळेल, पण चढ यावयाच्या आधीं कोळसा कधीं टाकावा हें सांगणारा कोणी उरलेला नसेल. जी विद्या एका पिढींत करणारा न मिळाल्यानें मरते ती नंतरच्या कोणत्याही पिढीला केवळ वस्तु पाहून जिवंत करतां येत नाहीं. संगीताचें उदाहरण घेतलें तर हें लगेच पटेल. तंबोरा कांचेच्या कपाटांत शतकें राहूं शकतो. गळा राहत नाहीं.

मात्र यावरून सर्वच जुनीं इंजिनें पेटवावीं असें आम्ही म्हणत नाहीं. चालविण्यानें वस्तु झिजते, आणि झिजलेला भाग बदलला कीं त्याबरोबर एक पुरावा जातो. जुन्या लोखंडावर घणाचे, कानशीचे, कारागिराच्या चुकांचेसुद्धां ठसे असतात. तो एक प्रकारचा शिलालेखच होय. स्टीफन्सनचें १८२९ सालचें ‘रॉकेट’ इंग्रजांनीं जपून ठेवलें आहे आणि चालवून दाखविण्यासाठीं १९७९ सालीं त्याची निराळी प्रतिकृति केली, हें त्यांनीं योग्य केलें. आपल्याकडील ‘फेअरी क्वीन’ची गोष्ट या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. १८५५ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथें तयार होऊन तें ईस्ट इंडियन रेल्वेकडे आलें. १९०९ सालीं निवृत्त झालें. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत वर्षानुवर्षें उभें राहिलें. आणि १९९७ सालीं पुन्हां पेटवून दिल्ली-अलवर मार्गावर हौशी प्रवाशांसाठीं चालविण्यांत आलें. जगांतील सर्वांत जुनें चालतें इंजिन म्हणून गिनेसच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. पुढें २०११ सालीं चोरट्यांनीं त्याचे भाग लांबविले, मग ते नव्यानें करून घ्यावे लागले, आणि २०१७ सालीं तें पुन्हां धांवलें. विक्रमाचा मोह आम्हांस कळतो. तरीही इतक्या जुन्या आणि इतक्या एकट्या साक्षीदाराला आतां बसूं द्यावें, असें आमचें मत आहे. रेवाडीच्या शेडमध्यें ‘अकबर’ आणि ‘आझाद’ यांसारखीं विसाव्या शतकांतील दणकट इंजिनें राखलेलीं आहेत. विद्या जिवंत ठेवावयास तीं पुरेशीं आहेत.

इतका वेळ आम्हीं यंत्राविषयीं बोललों. माणसाविषयीं बोलण्याची वेळ आली कीं प्रश्न कठीण होतो.

इंजिनावर पितळी पाटी असते. तींवर इंजिनाचें नांव असतें. ज्यानें त्याच्या भट्टींत एकेका खेपेस कित्येक टन कोळसा ओतला त्याचें नांव कोठेंच नसतें. समोर भट्टीची आंच, पाठीवर पावसाळी वारा, डोळ्यांत कोळशाचे कण, अशा स्थितींत ज्यांनीं जन्म काढला त्यांतील फार थोड्यांनीं वाफ गेली म्हणून अश्रु ढाळले असतील. डिझेल आलें तेव्हां त्यांच्या बायकांना कपडे धुणें सोपें गेलें. ज्या जीवनांतून त्यांनीं सुटका मानली तें आपण रविवारच्या सहलीची शोभा म्हणून मांडावें काय? दुसऱ्याच्या कष्टांवरील काजळी पुसून त्यांचें चित्र भिंतीवर टांगणें ही एक प्रकारची कृतघ्नताच आहे, असें म्हणणाऱ्याचें म्हणणें आम्हांस सहज बाजूला सारतां येत नाहीं.

त्याला अर्धे उत्तर वेल्समधल्या रेल्वेनें दिलें आहे. तेथें शनिवारीं पहाटे उठून राख काढणारा माणूस आठवडाभर कचेरींत बसणारा कारकून असतो, शिक्षक असतो, कधीं डॉक्टर असतो. त्याला पगार मिळत नाहीं. उलट तोच वर्गणी भरतो. तो दुसऱ्याचे कष्ट पाहत नसून स्वतः करीत आहे. संध्याकाळीं त्याचेही हात काळे होतात, आणि जुन्या फायरमनविषयींचा त्याचा आदर हा पाठ दुखून आलेला आदर असतो. अर्थात् त्याला नको वाटेल त्या दिवशीं घरीं राहतां येतें, आणि जुन्या माणसाला तें येत नव्हतें. हा भेद लहान नाहीं. हौस आणि पोट यांच्यामधलें अंतर कोणत्याही सद्‍भावानें भरून निघत नाहीं. म्हणून आम्हीं त्याला अर्धेंच उत्तर म्हटलें.

दार्जिलिंगला हें अर्धें उत्तरही मिळत नाहीं. ती रेल्वे १८८१ सालीं दार्जिलिंगपर्यंत पोंचली. रूळ अवघे दोन फूट अंतराचे. आणि १८८९ पासून तिच्यावर आलेल्या ठेंगण्या इंजिनांपैकीं कांहीं आजही घूमपर्यंत प्रवाशांना हिंडवून आणतात. १९९९ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारसा ठरविलें. तेथील रीतीप्रमाणें त्या लहानशा इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याखेरीज एक माणूस कोळसा फोडावयास बसतो, आणि पुढच्या बाजूस उभे राहून दोघे चाकें घसरूं नयेत म्हणून रुळांवर वाळू टाकीत जातात. रूळ दुकानांच्या पायरीला लागून जातात आणि धूर दुकानांत शिरतो. डब्यांत बसलेला प्रवासी पैसे देऊन आलेला आहे. वाळू टाकणारा पैसे मिळावेत म्हणून आला आहे. हा देखावा प्रवाशाच्या छायाचित्रांत फार सुंदर येतो. त्या माणसांना ही विद्या आहे, जगांत फार थोड्यांना आहे, आणि तिच्यावर त्यांचें घर चालतें, हें खरें. त्या विद्येला दुर्मिळ विद्येचें मोल मिळतें कीं नुसत्या मजुरीचें, यावर त्या रेल्वेचा वारसा कितपत खरा हें अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें. युनेस्कोच्या पाटींत रुळांचा, वळणांचा आणि इंजिनांचा गौरव आहे. वाळू टाकणाऱ्याच्या पगारपत्रकांत त्याचा कांहीं अंश उतरावा, अशी अपेक्षा करणें अवास्तव नसावें.

दुसरा आक्षेप धुराचा. वाफेचें इंजिन कोळशांतील शक्तीच्या शंभर भागांपैकीं दहा भागही गाडी ओढण्याकडे लावीत नाहीं. बाकी सर्व धुराड्यांतून जातें. ब्रिटनमधील कोळशावर चालणारें शेवटचें वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झालें. त्याच्या आदल्या वर्षीं वेल्समधील फॉस-ई-फ्रान ही मोठी उघडी खाण बंद झाली. तिच्यांतील कोळसा या हौशी रेल्वेंना लागत असे, आणि आतां त्यांना तो परदेशांतून आणावा लागतो. म्हणजे ज्या देशानें दिवा लावण्यासाठीं कोळसा जाळावयाचें सोडलें तो मौजेसाठीं बोटींतून कोळसा मागवितो. आंकड्यांनीं पाहिलें तर हा धूर क्षुल्लक आहे. पण क्षुल्लक म्हणून निर्दोष ठरविण्याची वृत्ति आम्हांस पसंत नाहीं. प्रत्येकाचा धूर त्याच्या स्वतःच्या हिशेबीं क्षुल्लकच असतो. यज्ञांत तूप जाळणाऱ्याला आपण काय जाळीत आहों हें ठाऊक असतें आणि तो तें मोजून जाळतो. तितकी जाणीव येथेंही असावी. कोळशांत वनस्पतींचा अंश मिसळून पाहण्याचे प्रयोग कांहीं रेल्वेंनीं चालविले आहेत. ते जाणिवेचेंच लक्षण होय.

मग धूरही नको, श्रमही नकोत, आणि रूप तेवढें राहूं द्यावें, असा तिसरा मार्ग निघतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं गुजराथेंत एकता नगर ते अहमदाबाद अशी एक वारसा-गाडी सुरू करण्यांत आली. तिच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचें रूप चढविलेलें आहे. आंत वीज आहे. प्रवाशांची सोय, हवेची स्वच्छता, आणि डोळ्यांचें समाधान हीं तिन्हीं एकदम साधलीं, असें याचें समर्थन होईल. या गाडीनें कोणाचें नुकसान होत नाहीं, हें आम्ही मान्य करितों. मुलांना ती आवडत असेल, त्यांच्या आनंदावर आम्हांस पाणी ओतावयाचें नाहीं. तथापि तिला वारसा म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

आमचा आक्षेप ती नवी आहे हा नव्हे. ब्रिटनमध्यें ‘टॉर्नेडो’ नांवाचें इंजिन २००८ सालीं तयार झालें. त्याच्या जातीचीं ४९ इंजिनें एकेकाळीं होतीं; त्यांतील एकही मोडीच्या हातून सुटलें नव्हतें. म्हणून हौशी लोकांनीं वर्गण्या जमवून, जुने नकाशे शोधून, पन्नासावें इंजिन नव्यानें बांधलें. त्याचा बॉयलर जर्मनींत मायनिंगेन येथें तयार झाला, कारण तेथें ती कला जिवंत होती. आपल्याकडे नीलगिरीच्या दांतेरी रुळांवर चालणाऱ्या इंजिनांचीही नवीन भावंडें तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यांत जुन्याच नमुन्यावर घडविण्यांत आलीं. हीं इंजिनें जन्मानें कालचीं आहेत, आणि तरी आमच्या मतें खरीं आहेत. त्यांना पाणी लागतें, त्यांना तहान न लागतां धांववितां येत नाहीं. त्यांच्या माणसाला चुकण्याची संधि आहे आणि म्हणून शिकण्याचीही आहे. वीज भरलेल्या त्या मुखवट्याचा चालक कांहींही चुकूं शकत नाहीं, निदान फायरमन ज्या तऱ्हेनें चुकत असे त्या तऱ्हेनें नाहीं. त्याच्या धुराड्यांत भूतकाळाचें काम कांहींच नाहीं, केवळ बाह्य रेषा आहेत. नाटकांतल्या राजाला आपण राजा म्हणतों, पण पडदा पडेपर्यंत. येथें पडदा पाडण्याची तरतूदच ठेविलेली नाहीं. ज्या मुलानें हेंच वाफेचें इंजिन म्हणून पाहिलें त्याला पुढें खऱ्याची उणीवही भासणार नाहीं, आणि वस्तु नाहींशी होण्याचा हा प्रकार मोडीपेक्षां अधिक पुरता आहे.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न नेरळ-माथेरानच्या रुळांवर येऊन थांबतो. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनीं तो मार्ग बांधविला आणि १९०७ सालीं तो सुरू झाला. जर्मन कारखान्यांतून आलेलीं चार लहान इंजिनें तीं वळणें वाकत वाकत चढत. त्यांच्या आंसांची रचनाच तशा वाकण्यासाठीं केलेली होती. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभीं त्यांची जागा डिझेलनें घेतली. त्या मार्गावर पुन्हां वाफेची गाडी धांवावी, अशी इच्छा मधून मधून प्रकट होत असते आणि तिची चर्चा बहुधा इंजिन कोठून आणावें, तिकीट किती ठेवावें, डब्यांना रंग कोणता द्यावा, येथपर्यंत येते. ती इच्छा करणाऱ्यांना आमचें विचारणें निराळें आहे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दिवशीं पहाटे नेरळच्या शेडमध्यें भट्टी कोण पेटविणार? त्याला तें कोण शिकविणार, आणि शिकविणारा अद्यापि कोठें असल्यास त्याचें वय आज किती आहे? आणि शिकून तयार झालेल्या त्या तरुणाला महिन्याकांठीं काय मिळणार?